गुन्ह्यांची सांगड: सगळे गुन्हे एकाच माणसाचे आहेत हे पोलिसांना कळतं कसं, आणि कळत नाही तेव्हा का?

मृण्मयी_क

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये शेजारशेजारच्या दोन गावांत १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले. दुसऱ्या खुनानंतर सतरा वर्षांच्या एका मुलाने कबुली दिली, पण फक्त दुसऱ्याच खुनाची. पहिला आपण केलाच नाही, असं तो म्हणत राहिला. पोलिसांना मात्र दोन्ही खून एकाच माणसाचे असल्याची खात्री होती. म्हणून ते लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्याकडे गेले. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत जेफ्रीज यांनी नुकतीच शोधून काढली होती. त्यांचं उत्तर दुहेरी होतं: दोन्ही खून एकाच माणसाने केलेत, आणि तो माणूस हा मुलगा नाही. पुढे आसपासच्या हजारो पुरुषांच्या रक्ताची तपासणी झाली, कॉलिन पिचफोर्क सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

डीएनएमुळे पकडला गेलेला पहिला खुनी म्हणून या प्रकरणाची आठवण निघते. मला त्यातला आधीचा टप्पा जास्त मोलाचा वाटतो. दोन गुन्हे शेजारी ठेवून पाहिले गेले म्हणून एक निरपराध मुलगा सुटला. नुसत्या दुसऱ्या खुनाचा तपास झाला असता, तर त्याच्या कबुलीजबाबावर प्रकरण मिटलं असतं आणि खरा खुनी मोकळा राहिला असता.

पोलिसांचं काम गुन्ह्यागणिक चालतं. एक तक्रार, एक गुन्हा क्रमांक, एक तपास अधिकारी. गुन्हेगाराला या विभागणीशी काही देणंघेणं नसतं. तो हद्द ओलांडतो, गाव बदलतो, मध्ये दोन वर्षं गप्प बसतो. पियर्स ब्रूक्स हे लॉस एंजेलिसचे डिटेक्टिव्ह १९५०च्या दशकात याच अडचणीशी झगडत होते. आपल्याकडच्या खुन्याने इतरत्रही असेच खून केले असावेत, असा त्यांना संशय होता. विचारणार कोणाला? शेवटी ते सुट्टीच्या वेळात वाचनालयात बसून दुसऱ्या शहरांची जुनी वर्तमानपत्रं चाळायला लागले. १९८५ मध्ये एफबीआयने व्हायकॅप ही यंत्रणा सुरू केली ती ब्रूक्स यांच्याच कल्पनेतून, आणि तिचे पहिले प्रमुखही तेच होते. देशभरातल्या न उलगडलेल्या हिंसक गुन्ह्यांची माहिती एका ठरावीक फॉर्मवर भरून पाठवायची आणि मध्यवर्ती ठिकाणी विश्लेषकांनी साम्यं शोधायची, अशी ती योजना.

योजना उत्तम, पण फॉर्म पाठवणं ऐच्छिक. पहिला फॉर्म १८९ प्रश्नांचा होता. दिवसभर घटनास्थळी राबून आलेल्या अधिकाऱ्याने तो कधी भरायचा? यंत्रणेला तीस वर्षं झाल्यावरही अमेरिकेतल्या सुमारे १८ हजार पोलीस यंत्रणांपैकी फक्त १४००च्या आसपास त्यात भाग घेत होत्या. विश्लेषक कितीही हुशार असला तरी न आलेल्या फॉर्मातलं साम्य त्याला दिसणार नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. अशा गुन्हेगारांवरच्या चर्चा बहुधा 'त्याच्या डोक्यात काय चाललं होतं' याभोवती फिरतात. त्याला पकडलं जातं ते मात्र अनेकदा नोंदींमुळे, आणि सुटतो तोही नोंदींमुळेच. कोणाची तक्रार पूर्ण लिहून घेतली, कोणाची दोन ओळींत गुंडाळली, आणि ती लिहिणारी माणसं एकमेकांचं वाचतात का, यावर सगळं अवलंबून असतं.

यॉर्कशायरचं प्रकरण बघा. पीटर सटक्लिफ, १९७५ ते १९८०, १३ खून आणि ७ खुनाचे प्रयत्न. पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली. नऊ! माहिती हजारो कार्डांवर होती, आणि एका माणसाची सगळी कार्डं एका वेळी एका अधिकाऱ्यासमोर कधीच आली नाहीत. शेवटी जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला तो शेफील्डमध्ये, गाडीवर खोटी नंबरप्लेट होती म्हणून.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. १९७५ मध्येच एका चौदा वर्षांच्या मुलीवर त्याने हल्ला केला होता. ती वाचली. तो बराच वेळ तिच्याशी बोलत चालला होता, त्यामुळे चेहरा तिच्या पक्का लक्षात होता. तिच्या वर्णनावरून केलेलं चित्र सटक्लिफशी बरंच जुळत होतं. पण हा खुनी फक्त वेश्यांनाच मारतो असं पोलिसांनी ठरवून टाकलं होतं. शाळकरी मुलगी त्या चौकटीत बसेना, म्हणून तिचा हल्ला मालिकेत धरलाच गेला नाही. त्या हल्ल्याची कबुली सटक्लिफने १९९२ मध्ये दिली.

इथे बऱ्याच जणांचा या विषयावर अभ्यास आहे हे माहीत आहे. भर घाला, चुकत असेन तर सांगा.

रानवारा

छान धागा. एक प्राथमिक प्रश्न. डीएनए किंवा बोटांचे ठसे मिळाले तर काम सोपं. ते नसतील तर निव्वळ गुन्ह्याच्या पद्धतीवरून 'हा तोच' असं म्हणता येतं का? पद्धत तर कोणीही बदलू शकतो.

मृण्मयी_क

रानवारा, बदलतातच. म्हणून अभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक गुन्ह्याची पद्धत, म्हणजे काम साधण्यासाठी आणि पकडलं जाऊ नये म्हणून तो जे करतो ते. आत कसा शिरला, कशाने बांधलं, पळाला कसा. ही अनुभवाने सुधारत जाते. दुसरी गोष्ट, गुन्हा पार पडण्यासाठी ज्याची काहीच गरज नव्हती तरी त्याने केलं ते. तपासाच्या भाषेत तिला सिग्नेचर म्हणतात. ती त्याच्या स्वतःच्या मानसिक गरजेतून येते, म्हणून जास्त टिकते असं मानलं जातं.

कॅलिफोर्नियाचा जोसेफ डीअँजेलो घ्या. १९७०च्या दशकात सॅक्रामेंटोच्या परिसरात जोडप्यांच्या घरात शिरून तो नवऱ्याला पालथा बांधायचा, त्याच्या पाठीवर बशा रचायचा आणि आवाज आला तर दोघांना मारीन अशी धमकी द्यायचा. त्याआधी व्हिसेलिया गावात घरफोड्यांची मोठी मालिका झाली होती. तिथल्या पोलिसांनी तेव्हाच सॅक्रामेंटोला सांगितलं होतं की हा आमचाच माणूस दिसतो. अंगकाठीचं वर्णन जुळत नाही म्हणून ते बाजूला पडलं. नंतर तो दक्षिणेला गेला आणि खून करू लागला. तिथल्या पोलिसांसाठी तो नवाच खुनी होता. उत्तरेतले बलात्कार आणि दक्षिणेतले खून एकाच माणसाचे, हे डीएनएने पक्कं झालं २००१ मध्ये. माणूस हाती लागला २०१८ मध्ये, तोही नातेवाइकांच्या डीएनएवरून वंशावळ जुळवत जुळवत. या सगळ्यातल्या सुरुवातीच्या काळात तो स्वतः पोलिसात नोकरीला होता.

म्हणजे माग होता. घरफोडी, बलात्कार आणि खून यांची खाती वेगळी, म्हणून तो तुटत गेला.

सरासरी

वर्तनावरून गुन्हे जोडण्यामागे दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असावी लागतात. पहिलं, एकच गुन्हेगार दर वेळी बऱ्यापैकी सारखं वागतो. दुसरं, त्याचं वागणं इतर गुन्हेगारांपेक्षा वेगळं असतं. पहिलं सगळे बोलतात, दुसरं विसरतात. चाकूचा धाक दाखवून गप्प बसवणं प्रत्येक गुन्ह्यात सारखं असेल, पण ते शेकडो गुन्हेगार करतात. त्या साम्यातून काहीच हाती लागत नाही.

आता थोडं गणित. समजा नोंदीत १००० गुन्हे आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४,९९,५००. समजा त्यात दहा गुन्हेगारांनी प्रत्येकी पाच गुन्हे केलेत, बाकीचे सगळे सुटे. म्हणजे खऱ्या जोड्या फक्त १००. तुमची पद्धत इतकी चांगली आहे असं धरू की खऱ्या जोड्यांपैकी ९० टक्के ती पकडते आणि खोट्या जोड्यांपैकी फक्त १ टक्का चुकून पकडते. ऐकायला झकास. पण हाती काय येतं? ९० खऱ्या जोड्या आणि जवळपास ५००० खोट्या. संगणकाने 'जुळलं' म्हटलेल्या शंभर जोड्यांत दोनसुद्धा खऱ्या नाहीत.

म्हणून यंत्राने दाखवलेलं साम्य ही तपासाची सुरुवात असते, निष्कर्ष नसतो. ते हातात घेऊन कोणीतरी दोन्ही फायली उघडून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात.

एक अनपेक्षित गोष्ट. क्रेग बेनेल आणि डेव्हिड कँटर यांनी २००२ मध्ये घरफोड्यांवर अभ्यास केला. आत कसा शिरला, काय चोरलं, यापेक्षा दोन घरफोड्यांमधलं अंतर हा कितीतरी चांगला दुवा निघाला. जवळ जवळ घडलेल्या घरफोड्या एकाच माणसाच्या असण्याचा संभव जास्त. कारण उघड आहे. कुठे जायचं हे गुन्हेगार स्वतः ठरवतो. आत गेल्यावर काय करता येईल हे घरावर, कुलपावर, आत कोण आहे यावर ठरतं. परिस्थितीने जे वागणं घडवलं त्यात माणूस कमी दिसतो.

यातला कच्चा दुवाही सांगतो. असे बहुतेक अभ्यास उलगडलेल्या गुन्ह्यांवर झाले आहेत, कारण खरं उत्तर तिथेच माहीत असतं. आणि सारखं वागणारे गुन्हेगारच लवकर पकडले जात असतील, तर आपण सोप्या मासल्यावर पद्धत तपासतोय.

काळाकोट

न्यायालयाच्या बाजूने लिहितो. तपासाला दिशा द्यायला असं विश्लेषण वापरणं एक, आणि तज्ज्ञाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून 'हे दोन्ही गुन्हे याच माणसाचे' असं सांगणं वेगळं.

न्यू जर्सीतलं फोर्टिन प्रकरण पाहण्यासारखं आहे. १९९४ मधला तिथला खून आणि १९९५ मध्ये मेन राज्यात एका महिला पोलिसावर झालेला हल्ला. दुसऱ्या गुन्ह्यात फोर्टिन नावाचा माणूस दोषी होता, आणि खुनाचा आरोपही त्याच्यावरच होता. एफबीआयचे माजी तज्ज्ञ सांगणार होते की दोन्हींतलं वर्तन इतकं सारखं आहे की करणारा एकच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं की या पद्धतीची विश्वासार्हता वैज्ञानिक पुरावा म्हणून सिद्ध झालेली नाही. 'असं साम्य मी आजवर दुसरीकडे पाहिलं नाही' असं तज्ज्ञ म्हणतो, तेव्हा त्याने आजवर काय काय पाहिलं ते बचाव पक्षाला तपासता आलं पाहिजे. निव्वळ अनुभवाची उलटतपासणी करता येत नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचं कारण हेन्री ली ल्यूकस. १९८३ नंतर टेक्सासमध्ये कोठडीत असताना हा माणूस शेकडो खुनांची कबुली देत सुटला. वेगवेगळ्या राज्यांतून अधिकारी आपापल्या फायली घेऊन यायचे आणि कबुली घेऊन जायचे. दोनशेच्या आसपास प्रकरणं त्याच्या नावावर बंद झाली. मग पत्रकारांनी आणि राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने त्याच्या कामाच्या हजेऱ्या, प्रवास, पावत्या तपासल्या. कित्येक खुनांच्या वेळी तो तिथे असणंच शक्य नव्हतं. ज्या खुनासाठी त्याला फाशी सुनावली होती, त्याबद्दलही इतकी शंका निर्माण झाली की १९९८ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली.

यातला खरा घात असा की बंद झालेल्या प्रत्येक प्रकरणात खरा खुनी शोधणं थांबलं. स्वीडनमध्येही हेच झालं. स्टुरे बेर्गवाल आठ खुनांत दोषी ठरला, सगळं स्वतःच्या कबुलीवर. २०१३ पर्यंत आठही निकाल रद्द झाले.

उत्तररात्र

काळाकोट यांच्या मुद्द्याला जोडून. चुकीची सांगड फक्त कबुलीमुळे किंवा तज्ज्ञाच्या मतामुळे होते असं नाही. डीएनएनेही होते.

२००७ मध्ये जर्मनीत हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाला गाडीत बसलेली असताना गोळी घातली गेली. गाडीवर एका अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए आधीही सापडला होता: १९९३ मधल्या खुनात, घरफोड्यांत, चोरीच्या गाड्यांत, जर्मनीत, ऑस्ट्रियात, फ्रान्समध्ये. सगळी मिळून चाळीसच्या आसपास ठिकाणं. वर्षानुवर्षं या 'बिनचेहऱ्याच्या बाई'चा शोध चालला. गुन्ह्यांमध्ये काही सूत्र नव्हतं, साथीदार पकडले गेले तर ते म्हणत आमच्याबरोबर बाई नव्हतीच. तरी डीएनए म्हणतोय म्हणजे आहेच, असं धरलं गेलं. २००९ मध्ये जळालेल्या एका पुरुषाची ओळख पटवताना त्याच्या कागदपत्रावर हाच स्त्रीचा डीएनए निघाला, तेव्हा डोळे उघडले. तो डीएनए नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक केल्याने डीएनए नाहीसा होत नाही.

आता याच देशातली, त्याच वर्षांतली दुसरी बाजू. २००० ते २००६ या काळात जर्मनीच्या वेगवेगळ्या शहरांत नऊ छोट्या व्यावसायिकांना गोळ्या घातल्या गेल्या. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. नऊही खून एकाच चेस्का पिस्तुलाने झाले हे पोलिसांना माहीत होतं. म्हणजे सांगड अगदी अचूक होती. तरीही तपास वर्षानुवर्षं मेलेल्यांच्याच कुटुंबांभोवती फिरला. अंमली पदार्थांचा धंदा असेल, टोळीचं भांडण असेल, घरातलं काही असेल. विधवांना आणि मुलांना संशयित म्हणून वागवलं गेलं. मेलेली सगळी माणसं स्थलांतरित आहेत, मग त्यांचा द्वेष करणारा कोणी असेल, असं काही नातेवाईक तेव्हाच सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये एका बँक दरोड्यानंतर दोन नवनाझींचे मृतदेह त्यांच्या गाडीत सापडले. त्या गाडीत हाइलब्रॉनच्या त्या महिला पोलिसाचं पिस्तूल मिळालं, आणि त्यांच्या जळालेल्या घराच्या ढिगाऱ्यात चेस्का. जे दोन तपास इतकी वर्षं वेगळे चालले होते, ते एकच होते.

या दोन प्रकरणांनी मला फार अस्वस्थ केलं आहे. एकीकडे जो दुवा नव्हता त्यावर इतका विश्वास, आणि दुसरीकडे खरा दुवा हातात असताना त्याचा अर्थ लावायला नकार. तो नकार कशातून आला हे जर्मन संसदेच्या चौकशी समितीनेही विचारलं. मृतांकडे बघण्याची नजर हे त्याचं उत्तर आहे, असं माझं स्पष्ट मत.

शिवानी_१

नजरेचा मुद्दा फार पटला. पण कित्येकदा गोष्ट त्याही अलीकडे अडते. दोन खून जोडायचे तर ते खून आहेत हे आधी कागदावर यावं लागतं.

कर्नाटकातला 'सायनाइड मोहन'. शाळाशिक्षक होता. लग्नाचं आमिष दाखवून तरुणींना दुसऱ्या शहरात न्यायचा, दागिने खोलीवर ठेवायला लावायचा आणि गर्भनिरोधक म्हणून सायनाइडची गोळी द्यायचा. वेगवेगळ्या शहरांच्या बस स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांत बायकांचे मृतदेह सापडत होते. दार आतून बंद, अंगावर जखम नाही, ओळख पटत नाही. अकस्मात मृत्यू किंवा आत्महत्या अशी नोंद व्हायची आणि फाईल मिटायची. तिकडे तिच्या गावी वेगळी नोंद: मुलगी बेपत्ता, कोणाबरोबर तरी गेली असेल. एकाच बाईच्या दोन नोंदी दोन जिल्ह्यांत, आणि दोन्ही गुन्ह्याच्या नाहीत. अशा वीस जणी.

२००९ मध्ये एक तरुणी बेपत्ता झाली आणि लोकांनी आवाज उठवला, तेव्हा पोलिसांनी तिच्या फोनच्या नोंदी काढल्या. त्यातून दुसऱ्या बेपत्ता तरुणीचा फोन, त्यातून तिसरीचा, असं करत करत ते त्याच्यापर्यंत पोचले.

लंडनमध्ये २०१४-१५ मध्ये स्टीफन पोर्टने चार तरुणांना मारलं. पहिला त्याच्याच इमारतीबाहेर सापडला, पुढचे दोघे एकाच चर्चच्या आवारात, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि दोघेही एकाच बाईला, कुत्रा फिरवताना. पोलिसांनी नशेच्या अतिसेवनाने मृत्यू असं मानलं. मित्रमैत्रिणी आणि आई-बहिणी सांगत होत्या की यात संबंध आहे. २०२१ मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ज्युरीने म्हटलं की पोलिसांच्या चुका नंतरच्या मृत्यूंना कारणीभूत ठरल्या. सगळे मृत समलिंगी तरुण होते, हे सांगायला नकोच.

रानवारा

शिवानीताई, हे वाचून सुन्न झालो. मग सरळ सगळ्या नागरिकांचा डीएनए जमा करून का ठेवू नये? पिचफोर्क पहिल्याच खुनानंतर सापडला असता, दुसरी मुलगी आज जिवंत असती.

सरासरी

रानवारा, भावना कळते. पण वर उत्तररात्र यांनी लिहिलेलं परत वाचा. नमुना सापडणं म्हणजे गुन्हा केला असं नाही. कोट्यवधींच्या साठ्यात योगायोगाने, दूषित नमुन्यामुळे किंवा तो माणूस तिथे आदल्या दिवशी येऊन गेल्यामुळे जुळणाऱ्यांची संख्याही वाढते. आणि शिवानी यांच्या दोन्ही प्रकरणांत अडचण डीएनएची नव्हती. कोणी नमुना घ्यायचाच विचार केला नव्हता.

काळाकोट

शिवाय संमतीचा प्रश्न आहे. डीअँजेलो सापडला तो दूरच्या नातेवाइकांनी हौसेने वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीतून. त्यावर इतका वाद झाला की २०१९ मध्ये त्या संकेतस्थळाने नियम बदलले आणि पोलिसांना माहिती दिसण्यासाठी वापरकर्त्याची आधी परवानगी लागेल असं केलं. एका माणसाने दिलेला नमुना त्याच्या चुलत-मावस भावंडांबद्दलही बोलतो, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

नोंदवही

बरीच वर्षं पोलिसांच्या नोंदी संगणकावर चढवण्याच्या कामात होतो, म्हणून थोडं आतून लिहितो.

फॉर्म भरणं हे कारकुनी काम आहे असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. एकच जबाब दोन माणसांना द्या, दोन वेगळे फॉर्म तयार होतील. 'आरोपीने फिर्यादीला बोलण्यात गुंतवलं' हे एकाला 'फसवणूक' वाटतं, दुसरा 'ओळखीचा फायदा घेतला' अशी खूण करतो. व्हायकॅपसारखीच कॅनडाची जी व्हायक्लास यंत्रणा आहे, तिच्या फॉर्मवर असे दोनशेहून जास्त प्रश्न होते. एकच प्रकरण वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना देऊन तिथे तपासलं गेलं तेव्हा उत्तरांत बरीच तफावत आढळली. ब्रिटनने म्हणूनच वेगळा रस्ता धरला: गंभीर गुन्ह्यांच्या विश्लेषणाचा एक मध्यवर्ती विभाग केला, पोलीस दलांनी पूर्ण फाईल तिकडे पाठवायची आणि फॉर्म तिथल्या प्रशिक्षित लोकांनीच भरायचा. मला हा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो. खर्च आहे, पण भरणारे हात थोडे आणि शिकलेले असतात.

व्हायक्लास सक्तीचं कसं झालं, तेही कळायला हवं. पॉल बर्नार्डो १९८७ ते १९९० टोरंटोच्या स्कार्बरो भागात बलात्कार करत होता. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्याचा नमुना घेतला. त्याने स्वखुशीने दिला. नमुना प्रयोगशाळेत पडून राहिला. तो जुळल्याचं कळलं फेब्रुवारी १९९३ मध्ये. मधल्या काळात तो दुसऱ्या पोलीस दलाच्या हद्दीत राहायला गेला होता आणि त्याने दोन शाळकरी मुलींचे खून केले होते. एका दलाकडे बलात्काऱ्याची फाईल, दुसऱ्याकडे खुन्याची.

न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांनी १९९६ मध्ये या तपासाचा आढावा घेतला. त्यांनी कोणा एकाला बळीचा बकरा केलं नाही. माणसं मेहनती होती, त्यांना जोडणारी व्यवस्था नव्हती, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर ओंटारिओ प्रांतात ठरावीक हिंसक गुन्ह्यांची माहिती व्हायक्लासला ठरावीक मुदतीत पाठवणं कायद्याने बंधनकारक झालं. अमेरिकेचं व्हायकॅप ऐच्छिक राहिलं. फरक तंत्रज्ञानाचा नाही, सक्तीचा आहे.

उत्तररात्र

नोंदवही, फार मोलाचा प्रतिसाद. सटक्लिफच्या प्रकरणातलं एक राहून गेलं, चुकीच्या सांगडीचंच. १९७५ मध्ये प्रेस्टन शहरात एका बाईचा खून झाला होता. १९७८ पासून पोलिसांना 'मीच तो खुनी' म्हणणारी पत्रं आली, नंतर ध्वनिफीत आली. पत्रात प्रेस्टनच्या खुनाचा उल्लेख होता, आणि पाकिटावरच्या थुंकीतला रक्तगट त्या खुनात मिळालेल्या रक्तगटाशी जुळला. तेवढ्यावर पत्रलेखक खरा मानला गेला. फितीतल्या बोलण्याचा ढंग ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडकडचा, म्हणून तसं न बोलणारे संशयित बाजूला पडले. सटक्लिफवर ठाम संशय घेणारा एका तरुण हवालदाराचा अहवालही त्यात गेला. फितीनंतर सटक्लिफने आणखी तीन खून केले.

पत्र पाठवणारा तोतया २००५ मध्ये डीएनएवरून सापडला. आणि प्रेस्टनचा खून? तो सटक्लिफचा नव्हता, तोतयाचाही नव्हता. २०११ मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की डीएनए तिसऱ्याच, तोवर मरण पावलेल्या माणसाशी जुळला.

शिवानी_१

म्हणजे एक खून चुकून मालिकेत धरला गेला आणि वाचलेल्या मुलीचा हल्ला चुकून बाहेर ठेवला गेला. हे दोन्ही उलट असते तर?

मृण्मयीताई, एक विचारायचं होतं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईचा जबाब घेताना पुढे सांगड लागावी म्हणून नेमकं काय लिहून घेतलं पाहिजे? मी पीडित स्त्रियांबरोबर जबाबाच्या वेळी बसते, म्हणून विचारते.

मृण्मयी_क

शिवानी, तुमच्या कामाबद्दल आधी आदर. मला जे समजलंय ते सांगते, नोंदवही यांनी दुरुस्त करावं.

त्याआधी डेट्रॉइटचं सांगायला हवं, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. २००९ मध्ये तिथे पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या तपासणीचे (पीडितेच्या शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांचे) ११ हजारांहून जास्त संच न तपासता पडलेले सापडले. प्रत्येक संचामागे एक बाई, जिने तासन् तास ती तपासणी सोसली होती. ते तपासल्यावर शेकडो जण एकाहून जास्त गुन्ह्यांशी जोडले गेले. क्लीव्हलँडमध्येही असेच साठलेले संच तपासले गेले, आणि तिथल्या अभ्यासात दिसलं की एकच माणूस कधी अनोळखी बाईवर हल्ला करतो, कधी ओळखीच्या. 'ओळखीतलं प्रकरण आहे, आरोपी माहीत आहे, मग संच कशाला तपासायचा' ही जुनी समजूत त्याने पार मोडली. ओळखीच्या माणसाविरुद्धची तक्रार हाच कित्येकदा अनोळखी हल्लेखोरापर्यंत पोचण्याचा रस्ता निघाला. म्हणून आरोपीचं नाव तक्रारीत आहे या कारणाने कोणी नमुने घ्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथे हटून बसा.

आता जबाब. 'आरोपीने शिवीगाळ करून धमकी दिली' असं एक ठरीव वाक्य येतं. ते सांगडीसाठी निरुपयोगी आहे. तो नेमकं काय बोलला, ते त्याच्याच शब्दांत हवं, ती सांगेल तसं, अडखळत सांगितलं तर तसंच. तिला काय म्हणायला लावलं. हल्ल्याआधी काय बोलला, नंतर काय बोलला, माफी मागितली का, तिच्या घरच्यांबद्दल काही विचारलं का. घटनांचा क्रम. तिने विरोध केला त्या क्षणी तो कसा वागला, थांबला, चिडला की बोलण्यावर आला. काय बरोबर आणलं होतं आणि काय तिथलंच उचललं. जाताना काय नेलं, किंमत नसलेली वस्तूसुद्धा. पुरावा नष्ट करण्यासाठी काय केलं.

आणि तिला आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच लिहिलं जावं. 'केलं नाही' आणि 'सांगता येत नाही' या दोन उत्तरांचा फॉर्मवर पूर्ण वेगळा अर्थ होतो. पहिलं चुकून लिहिलं गेलं तर विश्लेषक दोन गुन्हे वेगळे समजून बाजूला ठेवू शकतो.

नोंदवही

बरोबर आहे, दुरुस्ती नाही. एकच भर घालतो. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. धक्क्यानंतर बऱ्याच गोष्टी काही दिवसांनी आठवतात, आणि बाई पुन्हा ठाण्यात जायला कचरते. तुम्ही बरोबर जा, आणि पुरवणी जबाब मूळ फाईलला लागला का ते विचारून घ्या. तो सुटा राहिला तर संगणकावर चढत नाही.